बारा फ्रेमचा पहारेकरी

३ तारीख, सोमवार
आजपासून रोज लिहायचं. पुढे कुणी म्हणालं की हिला नोकरी सहज मिळाली, तर पुरावा असावा.
सरांनी आज अट सांगितली. आमच्या व्हिडिओ गेमच्या कंपनीत गेम तपासणाऱ्या प्रत्येकाने नव्या गेममधल्या दारावरच्या पहारेकऱ्याला सलग तीनदा हरवून दाखवायचं. मगच नोकरी कायम. माझी मुदत २८ तारखेला संपते. सर म्हणाले, ज्याला स्वतःला जमत नाही तो सगळा दोष गेमला देतो, म्हणून ही अट. अट मला पटली.
पहारेकरी गदा उगारतो. गदा अंगावर येण्याच्या नेमक्या क्षणी बटण दाबलं की वार उलटतो. त्याला पॅरी म्हणतात. लवकर दाबलं तर मेलो, उशिरा दाबलं तरी मेलो. मधे फक्त बारा फ्रेम, म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा.
मी घरातली पहिली पदवीधर आहे. आजवर एकाही परीक्षेत नापास झालेले नाही. ही परीक्षाच आहे, फक्त पेपर हातात गदा घेऊन येतो.
अंदाज: चार दिवस.
संध्याकाळ: एकतीस वेळा खेळले. एकतीस वेळा मेले. पहिला दिवस ओळखीत जातो.

४ तारीख
त्याच्या हालचालींचा तक्ता केला. खांदा, कोपर, मनगट, हुंकार. तीन रंगांची पेनं. सगळं पाठ आहे. डोळे मिटले तरी सांगू शकते की कोपर कुठल्या फ्रेमला वळतं.
डोळे उघडे ठेवून चव्वेचाळीस वेळा मेले.

५ तारीख
कंट्रोलरचं बटण अडकतं असा संशय. समोरच्या टेबलावर चष्मा बसतो. पहारेकऱ्याची वेळ त्यानेच कोडमध्ये लिहिली आहे. सगळे त्याला चष्माच म्हणतात, तोही ओ देतो. त्याचा कंट्रोलर मागितला. लगेच दिला. इतक्या लगेच का दिला?
त्याच्या कंट्रोलरनेही मेले.

७ तारीख, शुक्रवार
चष्म्याने माझ्या मशीनवर, माझ्या कंट्रोलरने, एका कानाला फोन लावून, मान वाकडी करून पहारेकऱ्याला हरवलं. फोनवर तो गॅसवाल्याशी बोलत होता.
म्हणजे मशीन ठीक, कंट्रोलर ठीक. एकच शक्यता उरते. गेम माणूस ओळखतो.
सरळ विचारलं की तुमचा पहारेकरी समोर कोण बसलंय ते ओळखतो का. त्याने चष्मा काढला, शर्टाने पुसला आणि म्हणाला, नाही हो, त्याला बिचाऱ्याला डोळेपण नाहीत, नुसतं शिरस्त्राण रेखाटलंय. ज्याच्या मनात काही नसतं तो असा चष्मा पुसत बसत नाही.

८ तारीख, शनिवार. घरी
ऑफिसने घरी सरावाला लॅपटॉप दिला आहे. आई मागे बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. रुग्णालयाच्या धुलाईघरात ती सकाळी सहा ते दोन चादरींच्या इस्त्रीच्या मशीनवर असते आणि घरी येऊन पुन्हा कपडेच. मी मेले की मागून च्यक् असा आवाज. चाळीस मरणांना चाळीस च्यक्. एकाग्रता कशी राहणार?
शेवटी म्हणाली, तू आधीच दाबतेस गं. तो अजून निघालेलाच नसतो.
मी शांतपणे तिला बारा फ्रेम समजावून सांगितल्या. तक्ता दाखवला. ती म्हणाली, असेल बाई, तू शिकलेली.
बाबांनी बसडेपोत सगळ्यांना सांगितलंय की मुलीला सुरक्षा खात्यात मोठी जागा मिळाली, हाताखाली पहारेकरी आहे. खरं सांगायचा दोनदा प्रयत्न केला. ते म्हणाले, ऑफिसच्या गोष्टी बाहेर बोलायच्या नसतात, मला कळतं बाळा.
नंतर थोडं रडू आलं. डोळ्यांवर ताण. स्क्रीनचा उजेड कमी करावा.

१० तारीख, सोमवार
अंदाज सुधारला: १४ तारीख.

१२ तारीख, बुधवार
गंभीर प्रकार.
घरच्या लॅपटॉपवरच्या खेळाची नोंदसुद्धा ऑफिसात येते. आज ती उघडली. काल दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी माझ्या नावावर पहारेकरी हरला आहे. एकदा नाही, सलग तीनदा. चार वाजून दहा मिनिटांनी मी ऑफिसात, सरांच्या मीटिंगमध्ये, चष्म्याच्या शेजारी बसले होते.
चष्मा मीटिंगमध्ये मांडीवर लॅपटॉप घेऊन होता.
म्हणजे हा इंटरनेटवरून माझ्या घरच्या मशीनमध्ये शिरतो. हेतू दोनच असू शकतात. मला लबाड ठरवून काढणं, किंवा माझी दया येणं. दुसरा जास्त अपमानाचा.
तो पाणी प्यायला गेला तेव्हा त्याच्या टेबलाखालची जाड वायर काढून पाहिली. त्याचा पंखा बंद झाला.

१३ तारीख
सापळे. लॅपटॉपच्या झाकणावर स्वतःचा एक केस आडवा ठेवला आणि बटणांवर पावडरीचा हलका थर. कुणी हात लावला की कळेल.
संध्याकाळ: केस नाही, पावडर नाही. लॅपटॉप लख्ख पुसलेला. आईला विचारलं. ती म्हणाली, तुझे केस फार गळताहेत, तेल लावत जा. आणि पावडर अंगाला लावतात. सगळा पुरावा गेला. घरच्यांना तपासाचं गांभीर्य नाही.
पासवर्ड घातला. मोठा आणि अवघड. विसरू नये म्हणून चिठ्ठीवर लिहून फ्रिजला लावला.

१७ तारीख, सोमवार
शनिवारी मी वाचनालयात होते. त्या दोन तासांत आणखी आठ विजय. पासवर्डही फोडला. साधा माणूस नाही हा.
आज नोंद बारकाईने पाहिली. एक विचित्र गोष्ट. हा माणूस जिंकतो, दार उघडतं, पण तो आत जात नाही. दारात थोडा वेळ थांबतो, मागे फिरतो आणि पुन्हा पहारेकऱ्यासमोर येतो. आत खजिना आहे, तलवार आहे. तरी नाही.
हेतू कळत नाही. हेतू न कळणारा शत्रू सगळ्यात वाईट.
आज माझी मरणं: बावन्न. मन तपासात होतं.

१८ तारीख
सर टेबलापाशी आले. म्हणाले, घरच्या मशीनवर सलग अकरा? शाब्बास. अभ्यासू मुलीचं हेच असतं.
चष्म्याने मान वर करून पाहिलं. मी काही बोलले नाही.
इथे स्पष्ट लिहून ठेवते की मी खोटं बोलले नाही. मी बोललेच नाही. शिवाय खातं माझ्या नावावर आहे. शिवाय तक्ता मीच केला आहे आणि तो लॅपटॉपशेजारी भिंतीवर लावलेला असतो. ज्याने कुणी हरवलं त्याने माझ्या तक्त्यावरून हरवलं, म्हणजे पद्धत माझीच सिद्ध होते.
सर जाता जाता म्हणाले, मंगळवारी २५ला चार नवीन मुलं येताहेत, त्यांना तुम्हीच करून दाखवा.
हो म्हणाले.

१९ तारीख
प्रामाणिकपणावर दोन पानं लिहिली होती. फाडली. अक्षर नीट आलं नव्हतं.

२० तारीख, गुरुवार
सराव. आज दोनदा वार जवळजवळ उलटला. जवळजवळ या शब्दाखाली रेघ. अंदाज: सोमवार.

२२ तारीख, शनिवार
मंगळवारच्या तयारीसाठी आज शनिवारीही ऑफिस होतं, पण वीज गेली म्हणून लवकर सोडलं. साडेचारला घरी. दार नुसतं लोटलेलं.
आई लॅपटॉपसमोर बसली होती. कंट्रोलर दोन्ही हातांत, पदर खोचलेला. पहारेकऱ्याने गदा उगारली. आई हलली नाही. गदा खाली यायला लागली, आई तरी हलली नाही. माझ्याच तोंडून दाब दाब निघालं. तिने मग दाबलं. पहारेकरी गुडघ्यावर आला.
ती मागे वळून म्हणाली, आलीस? हातपाय धू, चहा टाकते.
मी विचारलं, हे किती दिवस चाललंय. ती म्हणाली, तू त्या दिवशी याच्यापायी रडलीस ना, म्हटलं बघू तरी कोण आहे हा माझ्या पोरीला रडवणारा.
पासवर्ड? चिठ्ठी फ्रिजवरून काढून समोर ठेवली आणि एकेक अक्षर जुळवून दाबलं. चौथीपर्यंत शिकले आहे म्हणाली, अक्षर ओळखते मी.
आत का जात नाहीस विचारलं. म्हणाली, कुणाचं घर ते, मी कशाला आत जाऊ.
जमतं कसं ते विचारायचं नव्हतं, तरी विचारलं. तिने सांगितलं की गरम रोलर चादर ओढून घेतो तेव्हा चादर सोडायची एक वेळ असते. आधी सोडली तर चुणी पडते आणि मुकादम ओरडतो. नंतर सोडली तर बोटं जातात. बावीस वर्षं तेच करतेय. भीती वाटली की हात आधी सुटतो, तुझं तेच होतंय. हा तर बरा आहे गं, सांगून मारतो. रोलर सांगत नाही.
तिच्या उजव्या हाताच्या दोन बोटांवर जुने डाग आहेत. ते जन्मखुणा आहेत असं मी आजवर समजत होते. तिनेच तसं सांगितलं होतं, मी लहान असताना.
चष्म्यावरचा संशय तूर्त स्थगित.

२३ तारीख, रविवार
दिवसभर आईकडून शिकले. ती फक्त थांब म्हणते. थांब, थांब, थांब, आता. माझं बटण दुसऱ्या थांबलाच दाबलं जातं. तिला शिकवण्याची पद्धत माहीत नाही, त्याला ती काय करणार.
एक विचार आला. मंगळवारी सर्दी झाली तर? सर पुरावा म्हणून अकरा विजय मोजतील आणि शुक्रवारी नोकरी कायम. आईला विचारलं की ते विजय माझ्या नावावर राहिले तर तुला चालेल का. म्हणाली, मला काय करायचेत, घे की. मग म्हणाली, पण तिथे उद्या कुणी तुझ्यावर सोडून गेलं एखादं काम, तर मी नसेन हं.
मला सर्दी होणार नाही.

२५ तारीख, मंगळवार
ठरवलं होतं की आधी खरं सांगायचं, मग खेळायचं. पण सरांनी ओळख करून दिली, चौघांनी टाळ्या वाजवल्या आणि टाळ्यांमध्ये बोलणं बरं दिसत नाही. कंट्रोलर हातात घेतला.
चौदा वेळा मेले.
पंधराव्या वेळी पहारेकऱ्याने गदा उगारली आणि मी कंट्रोलर खाली ठेवला. म्हटलं, ते अकरा विजय माझे नाहीत. माझ्या आईचे आहेत. ती धुलाईघरात चादरींना इस्त्री करते.
 पडद्यावर मी मेले तेवढाच आवाज.
चष्म्याने विचारलं, इस्त्रीच्या मशीनवर? मी हो म्हटलं. तो म्हणाला, तरीच, त्या नोंदीत एक बटण जास्तीचं दाबलेलं नाही, मला वाटलं आमच्यातलंच कुणी आहे. मग मीच त्याला सांगून टाकलं की इतके दिवस माझा तुमच्यावर संशय होता. तो म्हणाला, माहीत आहे, माझा पंखा तीनदा बंद पडला.
तीनदा नाही, दोनदा. पण वाद घातला नाही.
सर म्हणाले, शुक्रवारी भेटू.

२७ तारीख, गुरुवार
टेबलाचा खण आवरला. तक्त्याची इथली प्रत गुंडाळून घेतली. बाबांना सांगितलं की उद्या बहुतेक नोकरी जाईल. ते म्हणाले, सुरक्षा खात्यात राजकारण असतंच.
 आईने डब्यात माझ्या आवडीची भाजी दिली.

२८ तारीख, शुक्रवार
नोकरी कायम.
सर कशावर नोकरी देतात हे आधी नीट समजून घेतलं. त्यांच्यासमोर माझी सगळी नोंद छापून ठेवलेली होती. सहाशे एकोणचाळीस मरणं. ते म्हणाले की इथे सगळ्यांना जमतं, म्हणून न जमणारा माणूस कुठे चुकतो ते आम्हाला कळतच नव्हतं. तुम्ही रोज त्याच जागी, त्याच चुकीने, न कंटाळता मेलात, आणि शेवटी खरं सांगितलंत. तीन विजयांची अट तुमच्यापुरती मागे घेतो. आता नवशिक्यांसाठी सोपी पातळी करायची आहे. ती तुमच्यावर बेतू.
मी याकडे असं पाहते: माझ्या सातत्याची दखल घेतली गेली.
सरांचा आईला निरोप आहे की दोन तास येऊन खेळून दाखवाल का. ती म्हणाली, रजा मिळाली तर बघू, पण तिथे खुर्च्या उंच असतात ना?
बाबा डेपोत म्हणाले की बढती झाली.

३१ तारीख, सोमवार
सकाळ: कायम नोकरीचा पहिला दिवस. चष्म्याने सोपी पातळी तयार केली आहे. बाराच्या जागी चोवीस फ्रेम. नवशिक्यांच्या वतीने ती पास करायची जबाबदारी माझी. अंदाज: जेवणाआधी.
जेवणानंतर: चोवीस म्हणजे जरा फसवी संख्या आहे. त्याला तसं सांगितलं. छत्तीस केल्या.
चार वाजता: साठ. वार यायच्या आधी पडद्याची कड पिवळी होते आणि घंटा वाजते. चष्म्याने चष्मा पुसला. त्याच्या मनात काही नाही, हे आता मला माहीत आहे.
साडेपाच: एकशेवीस फ्रेम. पूर्ण दोन सेकंद. आता मात्र पद्धत बसली. पहारेकऱ्याने गदा उगारली आहे, कड पिवळी झाली आहे, आणि मी अजिबात घाई करत नाहीये. इतकी निवांत आहे की ही नोंदही वार खाली येता येताच लिहिते आहे. भरपूर वेळ आहे.
मेले.