यांनी पांढऱ्या मागितल्या

वसमत, ४ नोव्हेंबर २००३, मंगळ.
दुपारी बुद्धिबळाचा पट मांडताना हे म्हणाले, "नंदा, पांढऱ्या मला दे." ऐकून न ऐकल्यासारखं केलं. परत म्हणाले. दिल्या.
लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच. तेव्हाच आमचा तह ठरला होता: पहिली चाल पांढऱ्याची, नियम काळ्याचे. मी कॉन्व्हेंटात सिस्टरांकडून शिकलेली, सुरुवातीला प्यादं दोन घरं टाकणारी. यांचा खेळ देशी. प्यादं एकेक घर, आणि राजाला एकदा घोड्याची उडी. त्या उडीवर यांचा जीव. म्हणून काळ्या कायम यांच्या, आणि "मॅडम, बिस्मिल्ला करा" ऐकत मी म्हातारी झाले.
आज माझ्या नियमांनी खेळले. हरले.

७ नोव्हें., शुक्र.
पुन्हा पांढऱ्या. "काहून?" मुद्दाम यांच्याच बोलीत विचारलं. "बदल म्हणून."
राग असेल? दिवाळीला बेबी माहेरी आलेली, तिच्यासमोर मी म्हणाले होते की जनावरांच्या डॉक्टरलाही रिटायर होता येतं, आता पुरे ते स्कूटरवर गावोगाव. लागलं असेल. पण राजाची उडी सोडून द्यायची म्हणजे...
जिंकून बरं वाटेना. हरल्यावर हसून हात मिळवावा, हे सिस्टरांनी शिकवलं. अशा जिंकण्याचं काय करायचं, ते राहिलं.

१० नोव्हें., सोम.
शिरड शहापूरची गयाबाई बाजाराला आली होती, शेळ्यामेंढ्यावाली. चहा पिताना हसू आवरेना तिला.
"बाई, डॉक्टरसाबानं परवा गंमतच केली. तापली माझी काळी, अन् सुई दिली बाजूच्या पांढरीला! मी म्हन्लं, साब, तिला काहून तकलीफ? तं म्हन्ते, असू दे, तिलाबी लागते."
हे खुर्चीवरून म्हणाले, "तुझ्या साऱ्या शेळ्या एकसारख्याच दिसून राहिल्या, गयाबाई."
दोघंही हसले. मला हसू आलं नाही. तिच्याकडे पांढरी एकच आहे, बाकी सगळ्या काळ्या.

११ नोव्हें., मंगळ.
आज मुद्दाम केलं. माझा काळा उंट काळ्या घरात उघड्यावर ठेवला. यांनी वजीर सरळ त्याच्या तिरप्या रेषेत आणून ठेवला. मी मारला.
"हा कुठून आला?"
"मघापासून तिथंच आहे."
उंटाचं टोक बोटानं चाचपून पाहिलं. मग एकेका काळ्या सोंगटीवरून हात फिरवत गेले. मी विचारलं,
"कधीपासून?"
"पावसाळ्यापासून. पांढऱ्या दिसतात गं. म्हणून तर."
राग नव्हता. राग असता तर परवडलं असतं.

१४ नोव्हें., शुक्र.
नांदेड, डोळ्यांचे डॉक्टर. काचबिंदू. दोन्ही डोळे. गेलेली नजर येणार नाही, उरलेली थेंब घालून जपायची. कडेचं दिसत नाही, कमी उजेडात तर फारच कमी.
डॉक्टरांनी विचारलं, "गाडी चालवता का?" हे म्हणाले, "नाही." इतकं सहज! मी तिथं बोलायला हवं होतं.
येताना बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसले होते. बाहेर काय दिसत होतं, विचारायचा धीर झाला नाही.

१६ नोव्हें., रवि.
मी आंघोळीला गेले आणि स्कूटर गेली. हे परत आले ते हँडल वाकलेलं, कोपर सोललेलं. "म्हैस मधे आली." कुठल्या बाजूनं? सांगता येईना.
किल्ली काढून घेतली. मग दिवसभर तेच.
"घरात बसवून मारतीस का मला?"
"मग काय रस्त्यावर मरायचंय?"
"लोक बोलावतात गं अजून. उद्या नाही बोलावणार."
बेबीला फोन लावायला उठले तर यांनी हात धरला. सोडेचनात. फोन राहिला.

१८ नोव्हें., मंगळ.
दोन दिवस बोलणं नाही. आज आपणहून पट घेऊन आले.
"काळ्या मला. नियम माझे. जिंकलो तर किल्ली द्यायची. हरलो तर स्कूटर विकून टाक, मी नाव काढणार नाही."
"असल्या गोष्टी पैजेवर नाही ठरवत."
"घाबरलात का, मॅडम?"
मी बसले. हे सोंगट्या बोटांनी ओळखत खेळले, आणि चांगले खेळले. राजाची उडी मारली तेव्हा मांडीवर थाप मारून हसले. किती दिवसांनी. मलाही हसू आलं.
आता यांचा वजीर माझ्या हत्तीच्या तोंडाशी आहे. काळा वजीर, काळं घर. मारला की डाव माझा. सोडला तर? यांच्या लक्षात येईल का? आलं तर जन्मात माफ करणार नाहीत. नाही आलं तर उद्या सकाळी किल्ली, आणि तो रस्ता.
चहा टाकते म्हणून आत आले. चहा टाकलेला नाही. हे लिहीत बसले आहे.
बाहेरून हाक आली, "नंदा, किती विचार करून राहिलीस? ये, चाल."