साळुंकी पाण्याला गेली

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, की आता तुझ्याशी भांडायला कुणाची हरकत नसावी.

नात शाळेच्या कॉयरमध्ये आहे. आठवडाभर या परदेशातल्या, हौगांगच्या फ्लॅटमध्ये एकच गाणं चाललंय, आयर्लंड नावाच्या देशातलं, फार जुनं. एक माणूस बायकोला नदीवर नेतो, एकटाच परत येतो आणि गावाला सांगतो, पाय घसरला. मग एक पाखरू रोज त्याच्या दारात येऊन गातं. मी म्हटलं, "तुझ्या बाईंना शिकवायला दुसरं काही मिळालं नाही का?" तर इथल्या पोरांसारखं शेवटी 'लाह' जोडून म्हणते, "आजी, ते सिम्बॉल आहे, लाह. बर्ड म्हणजे तीच बायको. तिला बोलता येत नाही, म्हणून बर्ड होऊन सांगते." मी म्हटलं, "पाखरू म्हणजे पाखरू. दाणे टाक, गप बसेल." हसली कार्टी. पण माझ्या हातातली भेंडी तशीच राहिली. तेव्हापासून एका जागी बसवत नाही. लिफ्टनं खाली जाते, बाकावर टेकते, परत वर येते.

जात्यावर तू साळुंकीची ओवी म्हणायचीस. साळुंकी पाण्याला गेली, आडानं तिला ठेवून घेतलं. मला ती फार आवडायची, पुन्हा म्हण म्हणून मागे लागायचे. काका ओसरीवर येऊन बसले की जातं तसंच फिरायचं, ओवी मात्र मधेच वळायची, भाऊरायाकडे, त्याच्या बैलजोडीकडे. मी विचारायचे, "साळुंकीचं काय झालं गं?" तू म्हणायचीस, "उडाली. पीठ भर."

मावशी आपल्याच घरात दिलेली, काकांना. तुझी पाठची बहीण आणि तुझीच धाकटी जाऊ. आडावर पाय घसरला आणि ती गेली, एवढंच मला माहीत. त्याच काकांच्या खांद्यावर बसून मी जत्रा पाहिली. त्यांचा फोटो इथे हॉलमध्ये आहे, लेकानं हौसेनं लावलाय, मी रोज पुसते. शाळा मला चौथीपुरतीच मिळाली, पण एवढी ढ नव्हते गं मी. सांगायचं होतंस. की तू रोज पहाटे सांगतच होतीस, आणि मी आपली चालीवर डोलत होते?

काल संध्याकाळी नात म्हणाली, "आता तुझ्या आईचं गाणं म्हण ना." म्हटलं. साळुंकी आडापाशी पोचते न पोचते तोच लेक तुआसहून कामावरून आला. त्या फोटोखालीच बूट काढत बसला. आणि माझी ओवी आपोआप भाऊरायाकडे वळली. नातीच्या ध्यानात आलं. "आजी, बर्डचं काय झालं?"

"उडाली," मी म्हटलं. "हात धू, जेवायला बस."

हा कागद डाळीच्या डब्याखाली ठेवतेय, तुला कुठल्या पत्त्यावर धाडू? फोटो आज पुसला नाही. उतरवलाही नाही.