रोजच गुरुवार

१४ सप्टेंबर १९७८, गुरुवार

आज खरा गुरुवार. भोसरीच्या कारखान्यांना सुट्टी, म्हणून आख्खी चाळ घरी. जो तो बनियनवर. कुणी सायकल पुसतंय, कुणी ढेकणांसाठी खाट उन्हात काढलीय. मीही ओट्यावर बसून सावकाश दाढी केली. "काय घोलप, आज घरी?" असं एकानंही विचारलं नाही.

कंपनीतून काढल्यापासून मला हा एकच वार बरा वाटतो. बाकीचे दिवसही माझे गुरुवारच, पण ते एकट्याचे.

१८ सप्टेंबर

सकाळपासून गेटं फिरलो. एका ठिकाणी वॉचमननं पाटीकडे बोट केलं. "जागा नाही. वाचता येतं ना? पुढे जा." भिकाऱ्याला म्हणतात तसं. अरे बाबा, टर्नर आहे मी, लेथवर हात काळे करून... जाऊ दे. पाटी त्यानं थोडीच लावलीय.

दिवेलागणीला सुमनचा नवा नेम. देवापुढे नुसतं मागायचं नाही, मिळालं तेही बोलून दाखवायचं. "आपल्या मंगीचा ताप उतरला. शेजारच्या काकूंनी ब्लाउज शिवायला दिले. आता तुम्ही म्हणा."

म्हटलं, "वॉचमननं कुत्रं अंगावर सोडलं नाही."

"हेपण चालेल," म्हणाली, आणि खरंच हात जोडले. कर्म माझं! अशा बायकोशी धड भांडायचीही सोय नाही.

२४ सप्टेंबर

दुष्काळात तेरावा महिना. गावचा रामभाऊ निरोप सांगून गेला: दादा दसऱ्याला येतायत. "म्हातारा म्हणतोय, यंदा पोराची मशीन डोळ्यांनी बघायचीच."

दादांना काही माहीत नाही. आषाढात ऑर्डरी आटल्या, दुसरी पाळी बंद झाली, बोर्डावर नावं लागली, त्यात माझं. तेव्हा वाटलं, वडलांच्या जिवाला घोर कशाला, दुसरीकडे चिकटलो की सांगू. चिकटलो नाही. मग सांगायची वेळही निघून गेली. आणि तिकडे ते पारावर बसून ज्याला त्याला ऐकवतात, "आमचा वसंता कंपनीत हाय."

सु. म्हणते, कळवून टाका. म्हटलं बघू. आजकाल मी सगळ्यालाच बघू म्हणतो.

२ ऑक्टोबर

जगतापच्या खोलीवर गेलो. माझी लेथ आता हा चालवतो. सीनियर, म्हणून राहिला. खंडेनवमीला कंपनीत मशीनची पूजा असते, घरच्यांना आत सोडतात. म्हटलं, वडील येतायत, तर...

पुढचं त्यानं बोलूच दिलं नाही. "अरे राव, ये की घेऊन! मशीन तुझीच. मी आपला राखणदार."

गडी सोन्यासारखा. तरी मला त्याचा राग येतो. राग यावा असं त्यानं काहीच केलेलं नाही, म्हणून तर जास्तच येतो. चहा अर्धा टाकून उठलो.

८ ऑक्टोबर

संध्याकाळी दादा उतरले. डोक्यावर नव्या बाजरीचं गठुडं, पिशवीत घेवडा. मंगीला उचलून घेतलं न् माझ्याकडे बघून म्हणाले, "वाळलास रं. लई काम पडतंय व्हय?"

सु.नं माझ्याकडे पाहिलं. मी गठुडं उचलून आत नेलं.

९ ऑक्टोबर

पाच-साडेपाचला डबा घेऊन निघालो, फर्स्ट शिफ्टला जातोय म्हणून. दादा दारापर्यंत आले सोडायला. भोसरीत भैरवनाथाच्या देवळात जाऊन बसलो. पुजारी दोनदा बघून गेला.

सु.नं डब्यात भेंडी दिली होती, वर लोणच्याची फोड. कामावर जायचो तेव्हा अगदी अस्साच डबा असायचा. झाकण उघडलं आणि परत लावलं. शाळा बुडवून बांधावर बसायचो लहानपणी, त्याची आठवण झाली. तेव्हा निदान दादांनी फोडून काढलं होतं. मोकळं वाटलं होतं नंतर.

घरी आल्यावर विचारलं त्यांनी, "झालं का काम?"

म्हटलं, झालं.

१० ऑक्टोबर, खंडेनवमी

सकाळी सु.नं पाटावर माझं माप घ्यायचं व्हर्नियर ठेवलं, स्वतःच्या कात्रीशेजारी. दोन्हींना हळदकुंकू. व्हर्नियर माझं स्वतःचं, म्हणून घरी आलं. बाकी सगळं तिकडे.

मग कंपनीत. दादांचं पांढरं धोतर, नवा फेटा. गेटवरच्या वॉचमननं मला ओळखलं. तो एवढंच म्हणाला, "या. आज कुणालाच अडवत नाही." हे चांगुलपणानं म्हणाला की टोमणा होता, अजून कळलं नाही.

लेथला झेंडूचा हार, आंब्याचा डहाळा. जगताप बाजूला झाला, मला पुढे केलं. मी जवळ जाऊन पाहतो तर हाराखाली लोखंडाचा कीस तसाच, तेलाचा पत्ता नाही. खिशातला रुमाल काढला न् पुसायला लागलो. हात आपोआपच गेला. जगताप खाली बघत उभा.

दादांनी आधी मशीनवरून तळवा फिरवला, पोळ्याला बैलाच्या पाठीवरून फिरवतात तसा. "थंडगार हाय की. चालाया लागली म्हंजी तापती?"

म्हटलं, तापते.

"मंग जप तिला." कुंकू लावलं, नारळ फोडला.

तेवढ्यात फोरमन पेढे घेऊन आले. देसाई साहेब. यादीवर सही त्यांचीच होती. मला बघून थबकले. आणि दादांनी पुढे होऊन त्यांचे दोन्ही हात धरले. "सायेब, तुमच्यामुळं माझ्या पोराची चूल पेटती. लई उपकार झालं तुमचं. आमी अडानी मानसं, आमाला बोलता येत न्हाई..." आणि वाकले. पायाच पडायला वाकले.

साहेबांनी त्यांना वरच्या वर धरलं. माझ्याकडे बघेनात. म्हणाले, "हात चांगला आहे तुमच्या मुलाचा." पेढा दादांच्या हातावर ठेवला आणि सरळ ऑफिसात निघून गेले, बाकीच्या लायनीला पेढे द्यायचेच राहिले.

मी रुमाल हातात धरून उभा. धरणी दुभंगली असती तर बरं, असं म्हणतात ना, ते आज कळलं. एक शब्द, "दादा, नको." एवढाच बोलायचा होता. तोही सुचला नाही.

बसमध्ये दादा खुशीत. पेढा खाल्ला नाही, मंगीला बांधून घेतला.

११ ऑक्टोबर, दसरा

सांगितलं.

संध्याकाळी आपट्याची पानं देऊन त्यांच्या पाया पडलो, ते म्हणाले, "सोन्यासारखा ऱ्हा." तिथंच फुटलो. खाली वाकलेला होतो तसाच बोललो. वर बघायची छाती नव्हती. सगळं सांगितलं, आषाढापासून देवळातल्या डब्यापर्यंत.

दादांनी विचारलं, "त्यो पेढेवाला सायेब, त्यानंच काढलं?"

"सही त्यांची होती. वरून हुकूम आला असणार."

"आन् मी त्याच्या पायाशी वाकलो. तू बाजूला हुतास. धरलं न्हाईस मला."

नाही धरलं. त्यांनी शिव्या दिल्या असत्या, हात उगारला असता, तर चाललं असतं. पण ते कोपऱ्यात जाऊन बसले. नवा फेटा काढून मांडीवर ठेवला न् त्याच्यावरचं नसलेलं काहीतरी झटकत राहिले. माझ्या बापाला मी एवढं लहान झालेलं कधी बघितलं नव्हतं.

सु. दिवा लावून आली, त्यांच्याजवळ टेकली. "मामंजी, मनापासून मानलेले आभार होते. वाया नाही जायचे."

"आता परत तरी कुटं घेता येत्यात," दादा म्हणाले. "ऱ्हाऊ देत त्याच्यापाशी."

जेवताना मला म्हणाले, "गावाला चल, असं म्हनलो असतो. पर जमीन तुझ्या दोघा भावांनाच पुरंना. तू हितंच बघ." मग दादांनी माझ्या ताटात भाकरी वाढली. त्यांच्याच बाजरीची. मी रडत रडत खाल्ली आणि कुणी काही बोललं नाही, हे आज देवापुढे सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

दादांना सकाळच्या एसटीत बसवलं. खिडकीतून म्हणाले, "पारावर मी सांगीन काय सांगायचं ते. तू नगं काळजी करू." म्हणजे आता खोटं बोलायचं कामही त्यांच्याकडेच.

चाळ भरलेली, गुरुवार ना. दुपारी जगताप आला, दारातच उभा राहिला. "देसाई साहेबांनी उद्या सकाळी गेटवर बोलावलंय तुला."

"कशाला?"

"ते नाही बोलले. एवढंच म्हणाले, घोलपला यायला सांग."

"जागा निघालीय का रे?"

"मला तर काही दिसत नाही, राव. खोटं कशाला सांगू."

लाज वाटून बोलावलं असेल. किंवा वडलांना आत का आणलं म्हणून झापायला. की खरंच काही... नको. एकदा आशा धरली की मग रात्रभर तीच उशाला. सु.ला विचारलं, काय असेल गं? तर म्हणे, "बोलावलं तर खरं." तिचं आजचं देवापुढे बोलायचं ठरलंसुद्धा. मीही शेजारी बसलो, हात जोडले. तोंडातून मात्र काही निघालं नाही.

खाकी शर्ट धुऊन दोरीवर टाकलाय. व्हर्नियर पाटावरून काढून तिनं माझ्या पिशवीत ठेवलं, कुंकवासकट.

आता विचारतेय, "उद्या डबा भरू का?"

काय सांगू तिला?