चिठ्ठीचे पुस्तक एलामला

मी माहलॉन ग्रॉफ, वय वर्षे एक्क्याऐंशी, धंद्याने सुतार, वॉलनट रन येथील मेनोनाइट ख्रिस्ती मंडळीचा पाळक, राहणार लँकेस्टर काउंटी, पेनसिल्व्हेनिया, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरात बसून, कोणाच्याही दबावाखाली न येता, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके शाबूत आहे. गुडघ्यांची हमी देत नाही. वकिलांच्या मसुद्यात ‘शपथपूर्वक’ असा शब्द होता, तो मी खोडला. आम्ही शपथ घेत नाही. माझे हो म्हणजे हो, तेवढे पुरे.

१. माझी शवपेटी मीच पाइनच्या लाकडाची करून ठेवली आहे. ती मागच्या शेडमध्ये असून सध्या तिच्यात कांदे आहेत. ते आधी काढावेत. फुले नकोत. उपदेश वीस मिनिटांत आटपावा. मी स्वतः हे कधी पाळले नाही, हे मला ठाऊक आहे. माझी दिवंगत पत्नी ॲना मे तर मी घरातून निघताना दारात उभी राहून सांगायची, “आज लवकर आमेन म्हणा हो, ओव्हनमध्ये कोंबडी आहे.”

२. राहते घर व मागची बाग मुलगी लोइस हिला. माझे पथ्यपाणी तिने केले आणि माझी कुरकुरही तिनेच ऐकली. मुलगा मर्ल याने रुसू नये. त्याचा वाटा त्याने ओहायोत घर बांधले तेव्हाच दिला आहे. त्याला आठवत नसेल तर त्याच्या बायकोला आठवते.

३. रंधे, करवती, पटाश्या आणि कामाचा ओटा नात रोडा हिला. तिच्या भावांनी हात लावू नये. माझ्या चांगल्यातल्या चांगल्या पटाशीने त्यांनी रंगाचा डबा उघडला होता, ते मी विसरलेलो नाही.

४. पाय धुण्याचे लाकडी घंगाळ मंडळीचेच आहे, ते प्रार्थनाघरात परत जावे. प्रभुभोजनानंतर आम्ही पुरुष दोघादोघांनी एकमेकांचे पाय धुतो. अठ्ठेचाळीस वर्षे माझे पाय शेजारच्या एलाम नोल्टने धुतले. मध्ये दोन वर्षे खंड पडला, त्याला कारण मी. पुढच्या कलमात ते येते.

५. हे कलम माझ्या दफनाच्या दिवशी, पेटी जमिनीत उतरण्याआधी, बिशपांनी सर्वांसमोर मोठ्याने वाचावे.

आमच्यात पाळक शिकून होत नाही, चिठ्ठीने होतो. १९५८ च्या ऑक्टोबरात मंडळीने आम्हा आठ जणांची नावे सुचवली. टेबलावर आठ गीतपुस्तके ठेवली होती, एकसारखी, दोऱ्याने बांधलेली, आणि त्यांतल्या एकात चिठ्ठी. प्रत्येकाने एक उचलायचे आणि बाकावर बसायचे. चिठ्ठी ज्याच्या पुस्तकात, तो जन्मभर पाळक, बिनपगारी. त्या दिवशी कोणी कोणाचे अभिनंदन करत नाही. बायका रडतात.

एलाम माझ्या शेजारी बसला होता. बिशप पलीकडच्या टोकापासून एकेक पुस्तक उघडत येत होते. एलाम कुजबुजला, “माहलॉन, जरा धर रे. हाताला घाम सुटलाय.” मी त्याचे पुस्तक माझ्या पुस्तकाशेजारी मांडीवर ठेवले. त्याने रुमालाने हात पुसले आणि एक पुस्तक उचलले. कोणते, ते मी पाहिले नाही. माझे डोळे मिटलेले होते. मी मनात म्हणत होतो, मी नको. बिशपांनी माझा दोरा सोडला आणि चिठ्ठी निघाली.

मी तेव्हाच उठून सांगायला हवे होते. नाही सांगितले. सगळी मंडळी रडत होती, आणि देवाच्या निवडीत मांडीवरची गफलत कशी सांगणार? दुसऱ्या रविवारी मी व्यासपीठावर उभा राहिलो. तेव्हापासून लग्ने लावली, माणसे पुरली, भांडणे मिटवली. काही रविवारी वाटायचे, हे काम माझेच आहे. पुष्कळदा वाटायचे, मी दुसऱ्याच्या खुर्चीत बसलो आहे.

त्यातच १९७१ साली एलामच्या कोठारात, गवताच्या भाऱ्यांमागे, टीव्ही सापडला. तो बेसबॉल पाहायचा. आमच्यात टीव्हीला बंदी; नियम स्पष्ट होता आणि मी कडक होतो. त्याला दोन वर्षे प्रभुभोजनापासून दूर ठेवले, मागच्या बाकावर बसवले. चारचौघांत तोंड उघडायचे म्हटले की एलामला कापरे भरते, तरीही मी त्याला उभे करून माफी मागायला लावली. रडत रडत एवढेच म्हणाला, “माझं चुकलं. माझं फार चुकलं.” टीव्हीसाठी एवढे रडण्याची गरज नव्हती. चिठ्ठी त्याची असेल, तर मी पाळकालाच मागच्या बाकावर बसवले. एलाम, या एका गोष्टीने मला झोपू दिले नाही. मला क्षमा कर.

ते गीतपुस्तक, आत चिठ्ठी तशीच आहे, मी एलाम नोल्ट याला देत आहे. परंतु वकील म्हणतात, ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. मला दुसरा साक्षीदार सुचत नाही. म्हणून ठरवायचे त्याच्यावर सोपवतो. हे सगळे वाचून, पुस्तक माझेच होते असे त्याला वाटले, तर त्याने साक्षीची सही करावी. पुस्तक रोडाकडे जाईल. त्याचे होते असे वाटले, तर ते घेऊन घरी जावे. मी काही विचारणार नाही.

६. उरलेले सर्व लोइस व मर्ल यांना सारखे. भांडू नये.

वॉलनट रन, दिनांक ९ नोव्हेंबर २००६.
सही: माहलॉन ग्रॉफ

साक्षीदार १: इव्हान झिमरमन, दूधवाला (सही)

साक्षीदार २: ~~एलाम नोल्ट~~ — नाव खोडले आहे, त्याऐवजी डोरिस हूवर, शेजारीण (सही)

खोडलेल्या नावाखाली, दुसऱ्या हस्ताक्षरात:

मी सही करत नाही. पुस्तक घेऊन जातो. चिठ्ठीचे टोक माझ्या पुस्तकाच्या पानांतून बाहेर आलेले मला दिसले होते. लोकांपुढे बोलायची भीती वाटली, म्हणून मी मुद्दाम माहलॉनचे पुस्तक उचलले. मंडळीपुढे मागितली ती माफी टीव्हीची नव्हतीच, याची होती. पाचवे कलम बिशपांनी वाचू नये. त्या दिवशी मी उभा राहून वाचेन. — एलाम नोल्ट