झालं बघून

अहो,

"कुठे कुठे जायचंय, एकदा यादी कर," असं तुम्हीच म्हणालात. मी वेडी, हौसेनं लिहायला बसले.

पहिला बर्फाचा डोंगर लिहिला. तुम्ही जेवता जेवता टीव्हीवर त्याचा व्हिडिओ लावलात आणि हात धुवायच्या आत म्हणालात, "झालं बघून. खोड आता." समुद्रही तसाच उरकला. लाटा टीव्हीत, वारा आपल्याच पंख्याचा. वाळवंटात तर तुम्ही चक्क घोरत होतात, तरी सकाळी उठून रेघ मारलीत.

वैताग आलाय मला. आता एकच जागा उरलीय आणि तिचं तिकीट मी काढलंय. ती यादीत लिहिलीच नाही. हे पत्र दिलं तर नाव विचाराल आणि तीही आजच उरकाल, म्हणून देत नाही. पोचल्यावर फोन करीन, साधाच. व्हिडिओवर दाखवलं, तर म्हणाल, "झालं बघून. ये आता."

सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसलेली,
तुमची बायको