तेदुह लेनचा मूळ मालक

ॲडलेड, १० मे २०२१

ती. बाबांस, शि. सा. न.

फोनवर लसीचा विषय निघाला की तुम्हांला ऐकू येत नाही, म्हणून ईमेल लिहिते आहे. घराच्या सर्वांत जवळचं केंद्र मी नकाशावर मोजून निवडलं. शिरीषकाकांनी तिथे दोनदा तुमचं नाव नोंदवलं. दोन्ही वेळा तुम्ही गेला नाहीत. कारण कळवा. उत्तरात कृपया पुन्हा माझ्या रस्त्याचं नाव काढू नका.

राग आला तरी उत्तर यावे,
नीरजा

पुणे, १४ मे

चि. नीरजास, अ. उ. आ.

तुझ्या नव्या घराच्या वास्तुशांतीचा संकल्प गुरुजी इथूनच व्हिडिओवर सांगणार. त्यात ठिकाण उच्चारावं लागतं. तेदुह लेन म्हणजे काय, हे नकाशे करून पोट भरणाऱ्या मुलीला ठाऊक नसावं? नाव अभद्र निघालं म्हणजे? लसीचं बघू. वेळेवर जेव.

मास्तरकी न सुटलेला,
बाबा

ॲडलेड, २३ मे

ती. बाबांस, शि. सा. न.

घ्या. काउन्सिलकडे काही नोंद नाही. शेजारच्या म्हाताऱ्या डोरीनला कुंपणापलीकडून विचारलं, तर तिने अख्खी दुपार सोडलं नाही. तिचे सासरे मलेशियातल्या पेनांगच्या बंदरात नोकरीला होते. बायको तिथल्या इस्पितळात वारली. त्या इस्पितळाच्या फाटकावरून रोज जाववेना, म्हणून नोकरी सोडून इथे आले, घर बांधलं, त्याला मलय नाव दिलं: तेदुह, म्हणजे ऊनपावसापासून आडोसा. घर पडलं, नाव रस्त्याला राहिलं. आज इथे एकही झाड नाही. एका फाटकासाठी देश सोडणं मला तर्काला धरून वाटत नाही, पण नाव अभद्र नाही. आता लस?

वैतागलेली, तरी तुमचीच,
नीरजा

पुणे, २५ मे

चि. नीरजास, अ. उ. आ.

त्या माणसाला हसू नकोस. तू निवडलेलं केंद्र ज्या शाळेत आहे, तिचं दार मागच्या गल्लीत, बरोबर इस्पितळाच्या फाटकासमोर उघडतं. तुझ्या आईची पिशवी घेऊन मी एकटाच त्या फाटकातून बाहेर आलो. सीमा बंद होत्या, तू यायची कशी? दोन्ही वेळा निघालो होतो. कोपऱ्यावरून परतलो.

बाबा

ॲडलेड, २५ मे

ती. बाबांस, शि. सा. न.

दार कोणत्या बाजूला उघडतं, ते नकाशात नव्हतं. मी विचारायला हवं होतं. कोथरूडचं केंद्र लांब आहे, पण वाट वेगळी आहे. शनिवारी काका गाडी घेऊन येतील. कोणत्या रस्त्याने न्यायचं, ते त्यांना सांगितलं आहे.

नीरजा

पुणे, ३० मे

चि. नीरजास, अ. उ. आ.

काल लस घेतली. सुई पाहून शिरीषनेच डोळे मिटून घेतले होते. दंड ठणकतो आहे. घरी आल्यावर दुखतंय का म्हणून विचारायला कुणी नव्हतं, म्हणून तुला कळवतो.

विचारपूस असावी ही विनंती.

बाबा