नाचणीच्या बिअरचा वास

मंगळवार, दिवेलागण

सुनंदा, मी सांगते तसंच लिही, सूनपणा मध्ये आणू नकोस. आपली नेहा परळच्या ज्या छोट्या कारखान्यात बिअर बनवते, तो मोठी कंपनी विकत घेतेय. उद्या त्यांचे साहेब तिची नाचणीची बिअर चाखणार. आवडली तरच नोकरी राहील. म्हणून आजही ग्लास माझ्या नाकाशी.

"आजी, नीट आंबली का गं?"

नाचणीची आंबील मीच शिकवलेली ना तिला. पण गेल्या वर्षी ताप आला तेव्हापासून मला वासच येत नाही, कुणाला सांगितलं नाही. दमले बाई खोटं बोलून. तरी नाक लावलं, म्हटलं, "झाली."

लिहिता लिहिता हसलीस ना, सुनंदा? म्हणालीस तेही लिही: "आई, तिला ठाऊक आहे. दूध करपलं तेव्हा तुम्ही शेजारीच बसला होतात."

मग ग्लास आणते कशाला?

उद्या निघताना पुन्हा आणेल. जरा जास्त वेळ नाक लावीन.